अस्वलाचा प्रश्न

गोष्टीतलं अस्वल दारात येऊन विचारायचं, "आत येऊ का?" आई आवाज जाड करायची आणि लेक पांघरुणातून ओरडायची, "नाही!" मग दोघी खदखदून हसायच्या.

गेले तीन दिवस मात्र लेकीपाठोपाठ कपाटातूनही बारीक उत्तर येत होतं. "ये."

आईने सगळं कपाट उपसलं. आत नुसते कपडे.

आज नवराही पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसला. "अगं, दुसरी गोष्ट सांग की."

"का म्हणून? तिची आवडती आहे ही."

आई मुद्दाम कपाटाला पाठ लावून बसली. "आत येऊ का?"

"नाही!" लेक ओरडली.

"ये." पाठीला कपाटाचं दार थरथरलेलं जाणवलं.

"नाही म्हणजे नाही!" आई कडाडली.

खोलीबाहेर, दारापर्यंत आलेली जड पावलं थबकली.