भुकेचं वेळापत्रक

मुलगी बायोकेमिकल इंजिनिअर झाली, तेव्हा पाळणाघर चालवणाऱ्या आईनं एकच हिशेब मांडला होता, "एवढं शिकून टाकीतले जंतूच सांभाळायचे, तर माझी पोरं काय वाईट आहेत?" कारखान्यात यीस्टच्या दोन टाक्या वाया गेल्यावर मुलीलाही ते पटायला लागलं. तिसरी बिघडली तर नोकरी गेली, असं साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं. तिनं घरी फोन लावला.

"आई, माझी खोली झाडून ठेव. दर तासाला मापून साखर देते, तरी ही कार्टी वाढायचं सोडून दारू बनवत बसतात."

"आधीची संपली का, ते बघतेस?"

"तक्त्यात वेळा लिहून दिल्यात गं."

"अगं, तीस पोरं वाढवली मी. एकालाही घड्याळ बघून भूक लागली नाही. पोट रिकामं झालं की मगच भरवावं."

साखर साठली की यीस्ट दारू बनवतं आणि संपली की हवा कमी ओढतं, हे मुलीला परीक्षेपुरतं पाठ होतंच. तिनं तक्ता मिटला आणि हवेच्या काट्यावर नजर ठेवून घास घास साखर सोडली. तिसऱ्या टाकीत यीस्ट असं फोफावलं, की साहेबांनी आठवडाभरात तिची नोकरी पक्की केली.

फुकटचा सल्ला देऊन आईनं हाताशी येणारी मदतनीस घालवली, ती घालवलीच. तरी दुपारचा तिचा फोन चुकत नाही. "जेवलीस का?" हा पहिला प्रश्न मात्र आता दुसरा झालाय. पहिला असतो, "त्यांनी खाल्लं का गं?"