दोघींचं बटण

"नाही दाबायचं," सालोंगो लुब्वामा म्हणाला आणि त्यानं माऊसवर आपला तळवा झाकून ठेवला.

लेतारूनं हात मागं घेतला. दवाखान्याच्या खिडकीशी एकच संगणक होता, आणि त्यावरचा जुळ्यांच्या जन्मनोंदीचा फॉर्म तिनं स्वतः बनवला होता. पहिल्या चौकटीत तिनं नुकतंच 'बाबिर्ये' असं नाव भरलं होतं. खालची, दुसऱ्या बाळाची चौकट राखाडी, फिकट होती. तिच्यात काही लिहिताच येत नव्हतं.

"जज्जा," इथं आजोबांना म्हणतात तसं ती म्हणाली, "आधी बाबिर्येचं पाठवायचं. ते गेलं की खालची चौकट आपोआप उघडते. मग नाकातोचं."

"म्हणजे तोवर नाकातो दाराबाहेर उभी."

"दोनच मिनिटं हो."

"जन्माला येतानाही दोघींमध्ये पाचच मिनिटं होती. तेवढ्यात सुईण चहा प्यायला गेली नव्हती."

रांगेतल्या बायका हसल्या. मागच्या बाकावर त्याची लेक नाबुलिमे दोन मांड्यांवर दोन नाती घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली. बाप असं काहीतरी करणार, हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं.

लेतारू आरुआकडची, नाईलपलीकडची. इथं येऊन तिला चारच महिने झाले होते. बायका घाईत भलत्याच जागी लिहितात म्हणून तिनं एकेक चौकट बंद ठेवली होती. तेव्हापासून चुका थांबल्या होत्या. तिला त्याचा अभिमान होता.

"पोरी, जुळ्यांना असं मागं-पुढं करत नाहीत," सालोंगो म्हणाला. "एकीला केळं, तर दुसरीलाही त्याच वेळी केळं. नावंसुद्धा आपण ठेवत नाही, ठरलेलीच असतात. थोरली बाबिर्ये, धाकटी नाकातो. त्यांच्या पाठीवर जो येईल तो किझ्झा. जुळ्यांचा बाप तो सालोंगो, आई ती नालोंगो. यांच्यातली एक रुसली तर माणूस भाजतो. हे बघ." त्यानं बाही वर केली. दंडावर जुना पांढरा डाग होता. "माझी जुळी लहान होती तेव्हा त्यातल्या धाकट्या मुलाला, कातोला, एकट्यालाच मोटरसायकलवर फिरवून आणलं. एकदाच."

"तो सायलेन्सरचा चटका आहे, सालोंगो," रांगेतली नामुली म्हणाली. "मी तिथंच होते."

"चटका बसवला कुणी, ते विचार."

पुन्हा हशा झाला. पण नामुली हसायची थांबली. "तसं त्याचं अगदीच खोटं नाही गं. गेल्या मंगळवारी माझ्या वहिनीच्या जुळ्यांतल्या थोरल्याचं नाव गेलं, कार्ड निघालं आणि वीज गेली. थोरल्याला लस मिळाली. धाकट्याचं कार्ड अजून नाही, म्हणून लसही नाही. तो नुसता भावाकडं बघत बसला."

नामुलीची वहिनी दोनदा येऊन परत गेली होती, ते लेतारूला आठवलं. आज लस द्यायला नर्स आली होती, आणि ती दुपारपर्यंतच थांबणार होती.

"बसा जज्जा," ती म्हणाली आणि फॉर्मच्या आतलं लिखाण तिनं पडद्यावर उघडलं.

सालोंगो बसला. त्याच्या उजव्या हाताला दुसरं स्टूल होतं. त्यावर त्यानं आपली टोपी ठेवली होती.

"टोपीलाही नाव नोंदवायचंय का?" नामुलीनं विचारलं. "माझे पाय दुखतात."

"होती तोवर माझी नालोंगो त्या बाजूला बसायची," तो म्हणाला.

नामुलीनं मग ते स्टूल मागितलं नाही.

लेतारूनं तीन-चार ओळी खोडल्या, दोन नव्या लिहिल्या. पान पुन्हा उघडलं तेव्हा दोन्ही चौकटी पांढऱ्याशुभ्र होत्या. खालचं बटण मात्र राखाडी झालं होतं.

"आता हे का मेलं?"

"मेलं नाही, वाट बघतंय. भरा तुम्हीच."

त्यानं एका बोटानं एकेक अक्षर शोधत 'बाबिर्ये' लिहिलं. बटण तसंच. त्यानं दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. मग त्यानं 'नाकातो' लिहिलं, आणि शेवटचं अक्षर पडताच बटण हिरवं झालं.

"एकटीसाठी उठतच नाही," तो म्हणाला.

"नाही. कुणाच्याच जुळ्यांत एकटीसाठी उठणार नाही आता."

सालोंगोनं शेजारची टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. मग मागं वळून लेकीला हाक मारली. आजवर तो तिला नावानंच हाक मारत आला होता.

"नालोंगो, इकडं ये. ही तुझी जागा."

नाबुलिमे उठली, जपून चालत आली, आणि त्या स्टुलावर बसली. त्यानं बाबिर्येला घेतलं. तिची मूठ माऊसवर ठेवली, नाबुलिमेनं वर नाकातोची मूठ ठेवली, आणि त्या दोन्हींवर त्याचा मोठा खरबरीत तळवा आला. टक् असा आवाज झाला. एकामागोमाग एक दोन कार्डं छापून बाहेर आली. दोघींना लस टोचली तेव्हा दोघी एकदमच रडल्या, आणि सालोंगो खूश झाला.

निघताना त्याचं लक्ष पुन्हा पडद्याकडं गेलं. दोन चौकटींच्या खाली आता तिसरी दिसत होती, फिकट.

"ही कुणाची?"

"किझ्झाची," लेतारू म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना. जागा करून ठेवलीय. सध्या बंद आहे."

नाबुलिमेला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. ती त्या फिकट चौकटीकडं बघत राहिली.

"ती उघडायची कधी, ते मी सांगेन," ती म्हणाली. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

सालोंगोनं माऊसवर पुन्हा आपला तळवा झाकून ठेवला.