चौदा गरुड
तीस वर्षं आत्या शरदात पाण्याच्या टाकीवर बसून दक्षिणेला जाणारे गरुड मोजत होती. आता पक्षिमंडळाला तिच्या नजरेचा भरवसा वाटेना, म्हणून आज शेजारी भाचीही मोजणार होती. आकडे जुळले नाहीत तर आत्याची मोजणी बंद. गरुड घिरट्या घालत उंच चढून एकामागून एक रांगेने सुटले, तशा दोघी दर पक्ष्याला मुठीतल्या मोजयंत्राची कळ टक्कन दाबू लागल्या. आभाळ रिकामं झालं. “चारशे सतरा,” आत्या म्हणाली. भाचीच्या यंत्रावर चारशे एकतीस होते. “माझेही तेवढेच,” तिने ठोकून दिलं. “खोटारडे! माझा अंगठा थांबला असताना तुझी कळ चौदा वेळा वाजली. माझी लाज राखायला चौदा गरुड गिळतेस?” आत्याने वहीत चारशे एकतीस लिहून स्वतःचं नाव खोडलं, पेन पुढे केलं. भाचीने खोडलेल्या नावाखाली सही केली.