तीन शिट्ट्यांचे हॉट डॉग

ओट्यावर चार सॉसेज होते, चार पाव होते आणि दारात बॅग भरून बसलेली भाची होती. अमेरिकेहून आल्यापासून रेवा धड जेवली नव्हती. आजही नाही जेवली, तर दादा तिला सुट्टी अर्धी टाकून परत नेणार होता.

मी पाकिटावरची कृती वाचेपर्यंत आईनं सॉसेज कुकरला लावलेही. तीन शिट्ट्यांनंतर झाकण काढलं, तर सगळे फुटलेले.

"आजी, तू बॉम्ब केलेस?" रेवा पहिल्यांदाच हसली.

"आता बॉम्बच खा," म्हणत आईनं ते तव्यावर कांदा-तिखटात खरपूस परतून पावात भरले.

पहिल्याच घासाला रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा तिची बॅग उचलायला उठला.

"बाबा, थांब. अजून हवंय."

रेवानं तीन पाव खाल्ले आणि पाच ग्लास पाणी प्यायलं.