माणशी पाच शिलिंग

“पाचही पोरं सात वर्षांची?” करवसुलीच्या पास्क साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पाचही,” थॉमसिन म्हणाली.

“हा मोठासुद्धा?”

मोठा झॅकरी गुडघे वाकवून उभा होता. त्याला मिसरूड फुटलं होतं. “हो साहेब,” तो म्हणाला, आणि फळीवरची भांडी घुमली.

“सर्दी झालीय त्याला,” थॉमसिन म्हणाली.

युद्ध संपून आठ महिने झाले होते. इंग्लंड जिंकलं होतं, आणि जिंकणं इतकं महाग पडलं होतं की सरकारचं कर्ज फिटता फिटेना. बिअरवर, मिठावर, साबणावर, मेणबत्त्यांवर कर आधीच होता. मग लंडनमध्ये कुणाला तरी आठवलं की इकडं डेव्हन परगण्यात सफरचंदं आहेत. आता घरी प्यायला गाळलेल्या सफरचंदाच्या दारूवर, सायडरवरही वर्षाला माणशी पाच शिलिंग. आठ वर्षांच्या आतली पोरं तेवढी माफ. त्यामुळे यंदा साऱ्या गावात आठ वर्षांचं एकही मूल उरलं नव्हतं. होती ती सातची, नाहीतर लग्न झालेली.

थॉमसिनच्या डब्यात दहा शिलिंग होते. पाच नवऱ्याच्या, हम्फ्रीच्या डोक्याचे, पाच तिच्या. तिसऱ्या डोक्याचे पाच घरात नव्हते, आणि तिसरं डोकं चुलीपाशी बसून कांदे सोलत होतं.

“हे आजोबा कोण?”

“डिगरी. कामाला येतो,” हम्फ्री म्हणाला.

असं सांगायचं हे कालच ठरलं होतं, डिगरीच्या समोरच. हम्फ्रीच्या वडिलांच्या वेळेपासून माळ्यावर राहणारा तो जुना गडी; हम्फ्रीला चालायला शिकवलं ते त्यानंच. त्याला न विचारता असलं काही ठरलं नसतं. “सांगा की,” तो थॉमसिनला म्हणाला होता. “घाबरू नको पोरी. तेवढ्यानं मी काय विरघळतो का?”

“राहतात कुठं?” साहेबांनी विचारलं.

हम्फ्रीनं हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं. “तिकडं.”

साहेबांनी वाकून पाहिलं. “तिकडं तळं आहे.”

“तळ्याच्या पलीकडं.”

साहेबांची नजर माळ्याच्या शिडीकडं गेली. वरच्या पायरीवर रात्री घालायची लोकरीची टोपी वाळत होती. हम्फ्रीच्या डोक्याला ती बसली नसती, हे कुणीही सांगितलं असतं.

“आणि ही?”

“बुजगावण्याची,” थॉमसिन म्हणाली. “रात्री फार गारठतं.”

साहेब हसले नाहीत. हसण्यावर अजून कर नव्हता, तरी पण नाही. “बाई, यादीत नसलेल्या माणसानं या घरातला एक घोट जरी घेतला, तर वीस पौंड दंड आहे.”

वीस पौंड म्हणजे दोन्ही गायी, सफरचंदं पिळायचा घाणा, आणि वर छप्पर.

“ठाऊक आहे साहेब,” ती म्हणाली. दुपार झाली होती. तोंडातून सवयीनं निघून गेलं, “जेवून जा.”

करवाले कुणाच्या घरी जेवत नाहीत. पास्क साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले.

त्या घरात सायडरसाठी दोन कानांचा एकच मोठा मग होता. जेवताना तो हातातून हातात फिरायचा. आपल्यापर्यंत आला की प्यायचं आणि शेजाऱ्याला द्यायचा. मध्ये कुणाला वगळायचं नाही, दाराशी आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा. हम्फ्री प्याला. थॉमसिन प्याली. सात वर्षांची पाच पोरं एकापाठोपाठ एक प्याली, झॅकरी जरा जास्तच. शेवटी तो साहेबांच्या हातात आला. त्यांनी वास घेतला.

“मी कामावर असताना पीत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो आपल्या हातानं शेजारी बसलेल्या डिगरीपुढं धरला. “घ्या, आजोबा.”

डिगरीचे हात आपोआप पुढं झाले. दोन्ही कान धरून त्यानं मग उचलला. हम्फ्रीच्या तोंडातला पाव तोंडातच राहिला. थॉमसिननं मनात गायी मोजल्या. दोनच होत्या, तरी तिनं पुन्हा मोजल्या. सायडरचा मग डिगरीच्या हनुवटीपर्यंत गेला.

तिथं तो थांबला.

“नको साहेब,” डिगरी म्हणाला. “घरच्यांचं आहे.”

आणि त्यानं तो हम्फ्रीकडं सरकवला.

साहेबांनी कागदावर ‘दोन’ लिहिलं, दहा शिलिंग घेतले, कांद्याची पोळी चांगली झाली होती असं सांगितलं आणि घोड्यावर बसून गेले. हम्फ्रीनं कडी घातली. झॅकरीनं गुडघे सरळ केले. कडकड आवाज आला आणि सगळे एकदम हसत सुटले. धाकट्या पोरीला उचकी लागेपर्यंत हसले. थॉमसिननं डोळे पुसत मग काठोकाठ भरला आणि वळली.

चुलीपाशी कुणी नव्हतं. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

“डुकरांना बघायला गेला असेल,” हम्फ्री म्हणाला.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. हलकेच, दोनदा.

हसू जिथल्या तिथं विरलं. झॅकरीनं परत गुडघे वाकवले. “काहीतरी विसरला असणार मेला,” हम्फ्री कुजबुजला, “नाहीतर काहीतरी आठवलं असणार.” थॉमसिननं भरलेला मग टेबलाखाली ठेवला, हात पुसले आणि कडी काढली.

उंबऱ्याच्या बाहेर डिगरी उभा होता. त्यानं जोड्यांचा चिखल गवताला पुसून काढला होता.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “उद्या काम आहे का?”