पुलाची वेळ

सव्वादोनला कपात ओतलेली कॉफी बेर्टाने तीन वाजता परत किटलीत घातली. कॉफी फेकून देणारं घर दक्षिण जर्मनीतल्या अख्ख्या श्वाबियात सापडलं नसतं.

"काल फोनवर तिला नीट सांगितलंत ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाव तीनला या म्हणालो. दोनदा म्हणालो." कर्नल एबर्लेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हे घड्याळ ते रोज सकाळी रेडिओवरून लावत. "आणि गरज तिला आहे, मला नाही."

खरंच होतं ते. टेबलावर छापखान्याची प्रुफं पडली होती: त्यांच्या लष्करी कोअरचा दुसऱ्या महायुद्धातला इतिहास, पानं चारशे बारा. संध्याकाळच्या टपालाने ती परत जायची होती. युद्धात कोअरच्या मुख्यालयातून हुकूम सुटायचे ते कर्नलसाहेबांच्याच तोंडून. युद्ध संपल्यावरची अकरा वर्षं त्यांनी या पुस्तकात घातली. कुठल्या टेकडीवर किती तोफा होत्या, सगळं त्यात होतं. रशियातली गावं मात्र नुसती मुक्कामापुरती येत. कोअर निघून गेल्यावर त्या गावांत काय उरलं, ते विचारायची सोय नव्हती.

येणार होती ती टेल्झे पाउल्सन, उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरची एक शिक्षिका. तिला पुस्तकातलं एकच वाक्य काढून हवं होतं. माजी सैनिकांच्या मासिकात ते पान आधीच छापून आलं होतं: 'लेफ्टनंट मोमे पाउल्सनच्या हलगर्जीपणामुळे पूल शाबूत शत्रूच्या हाती पडला.' मोमे तिचा धाकटा भाऊ. पूल गेला त्याच संध्याकाळी तीन अधिकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला, आणि सकाळी आपल्याच लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. त्यांच्या गावच्या चर्चपुढे युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर मोमेचं नाव नाही. पुस्तक काय म्हणतं ते बघू, असं गावकऱ्यांनी तिच्या ऐंशी वर्षांच्या आईला सांगितलं होतं.

चर्चच्या घड्याळाचा सव्वातीनचा टोला पडला आणि दारावरची घंटा वाजली.

"बरोबर आले ना मी?" दारातली उंच बाई हसून म्हणाली.

"घर बरोबर आहे," कर्नल म्हणाले. "बसा. तुमच्या घराण्यात घड्याळ पाळायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे."

टेल्झेचं हसू मावळलं. बोलणं भावावर आहे हे तिला कळलं. पण ती मागायला आली होती, म्हणून तिने ते गिळलं. बेर्टाने गरम करून आणलेली कॉफीही तिने मुकाट्याने घेतली.

"सगळ्यांचं चांगलंच लिहा असं माझं म्हणणं नाही," ती म्हणाली. "फक्त काय झालं ते मला कळू दे. मोमे आळशी नव्हता हो. भरतीच्या वेळा बघून जगणारी माणसं आम्ही."

"आळशी कोण म्हणतंय? हुकूम त्याच्या डोक्यातच शिरला नाही." कर्नलना हा विषय मनापासून आवडत असे. "आमची कोअर सगळी इकडचीच. एकाने अर्धं वाक्य टाकलं की दुसऱ्याने उरलेलं उचललं. हा तुमचा मोमे आठच दिवसांपूर्वी बदलून आलेला. त्याचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही."

"काल फोन उचलला तेव्हा मला तर तुमचंही बोलणं कळलं नाही," बेर्टा टेल्झेला म्हणाली आणि सफरचंदाचा केक कापायला लागली.

"त्या दिवशी तो काय करत होता?" टेल्झेने विचारलं.

"सुरुंगाच्या तारा जोडत होता. निवांत. शिवाय घरदार सोडून निघालेल्यांच्या बैलगाड्या पुलावरून सोडत होता. दोन चाळीसला अमेरिकन रणगाडे पलीकडे दिसले, तोवर पूल उडून पंचवीस मिनिटं व्हायला हवी होती." कर्नलनी त्या निकालाचा पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. "आणि निवाडा करणाऱ्यांसमोरचा उर्मटपणा बघा. शेवटपर्यंत एकच पालुपद: मी वेळेवर होतो."

टेल्झेने ते वाक्य दोनदा वाचलं. "मोमे खोटं बोलत नसे."

"मग मी खोटं बोलतोय? ही कोअरची रोजनिशी. स्फोटाची वेळ, चौदा पंधरा."

"हे झालं कागदावर. त्याला सांगितलं कुणी?"

"मी. स्वतः, फोनवरून."

"असंच? चौदा पंधरा?"

"अहो, डोक्यावर विमानं घोंगावत असताना आकडे कोण घोकत बसतं? माणसासारखं बोललो. पाव तीनला पूल उडव, म्हणालो. त्याने उलट म्हणून दाखवलं, पाव तीनला. आणखी काय करायला हवं होतं मी?"

टेल्झेने कप बशीत ठेवला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"कर्नलसाहेब, काल तुम्ही मला किती वाजता बोलावलं होतं?"

"आता विचारताय?" इतका वेळ दाबून धरलेला राग शेवटी बाहेर आला. "पाव तीनला. तिसऱ्या तासाचा पाव, म्हणजे सव्वादोन. तेव्हापासून बिचारी बेर्टा कॉफी तापवतेय, आणि तुम्ही उगवलात सव्वातीनला. बरोब्बर एक तास उशिरा. त्याच्यासारख्याच."

बेर्टाचा केकवरचा हात थांबला.

"आमच्याकडे पाव तीन म्हणजे तीन वाजून पाव तास," टेल्झे म्हणाली. "मी वेळेवर आले, कर्नलसाहेब."