आत्याची भिंत

खोलीच्या भिंतीवर बाबांनी शेजारी शेजारी दोन पट्टे रंगवले होते. प्रत्येक पट्टा दाराएवढा उंच. एक दुधावरच्या सायीसारखा, दुसरा गर्द निळा.

"ताई, खोली तुझी, रंग तूच ठरव," बाबा म्हणाले आणि लगेच पुढे बोलले, "पण सायीचाच घे. खोली मोठी दिसेल. निळ्यात गुहेत राहिल्यासारखं वाटेल."

बाबांची ताई, म्हणजे चिंगीची आत्या, दारात उभी होती. तिची नजर मंदावल्यामुळे ती आता इथेच राहायला आली होती. सकाळपासून बाबा तिला हात धरून फिरवत होते आणि ती दर वेळी हात सोडवून घेत होती.

"खोली मोठी दिसून मी काय करू? खोलीत काय आहे ते दिसायला हवं. निदान इथे तरी मला कुणी धरून चालवायचं नाही."

चिंगीला हे पटलं. ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये सायीच्या पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, मी कशी दिसते?"

आत्याने डोळे बारीक केले. "नुसते केस दिसतात गं. बाकीची कुठे सांडलीस?"

चिंगी खुदकन हसली आणि निळ्यासमोर सरकली.

"टेकू नकोस, ओला आहे!" बाबा ओरडले.

"आता?"

आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "एका खांद्यावरून फ्रॉक घसरलाय. नीट कर."

चिंगीने फ्रॉक सारखा केला. मग तिचं लक्ष दिव्याच्या बटणांकडे गेलं. "बाबा, बटणंही पांढरीच आहेत. निळ्यावर तीसुद्धा आत्याला सापडतील."

"अगं, पण इतका गडद..." बाबा सायीच्या पट्ट्यासमोर उभे होते. अंगात जुना पांढरा सदरा, केसांवर रंग उडू नये म्हणून डोक्याला गुंडाळलेला पांढरा टॉवेल.

आत्याने आवाजाच्या दिशेने मान फिरवली. "कोण बोलतंय ते? जरा निळ्याकडे सरक बघू."

बाबा सरकले. सवयीने त्यांनी हात पुढे केला, पण आत्या तो चुकवून सरळ त्यांच्यापर्यंत चालत आली. तिने त्यांच्या डोक्यावरचा टॉवेल एका झटक्यात ओढून काढला.

"कान बांधून ठेवलेस होय! मला वाटलं, माझं ऐकायचंच नाही म्हणतोस."